चौगुले स्क्रू निवृत्त होत नाही

त्या काळात कोल्हापुरात माणसांपेक्षा स्क्रूंचे निरोपसमारंभ जास्त होत असत.

समारंभ रीतसर असे. पाठीत स्क्रू असलेल्या माणसाला मधल्या खुर्चीवर बसवायचं, त्याच्यामागे त्याच्याच मणक्यांचा हातभर एक्स-रे लावायचा आणि प्रमुख पाहुण्यांनी स्क्रूंच्या प्रामाणिक सेवेबद्दल चार शब्द बोलायचे. एक्स-रेला हार घालू नका, माणूस जिवंत आहे, हे हॉलच्या मॅनेजरला दर वेळी नव्याने सांगावं लागे. शाल मात्र माणसाच्याच खांद्यावर पडे. स्क्रूला शाल पांघरण्याइतकी प्रगती विज्ञानाने अजून केली नव्हती.

प्रमुख पाहुणे बहुतेक वेळा भूपालअण्णा चौगुले असत. जिल्ह्यातल्या निम्म्या मोडक्या पाठी ज्या स्क्रूंवर उभ्या होत्या, ते अण्णांच्या कारखान्यात तयार झाले होते. कारखाना म्हणजे तीन यंत्रं, एक देव्हारा, अण्णा आणि त्यांची मुलगी त्रिशला. स्क्रू यंत्रच छापून देई. पण आट्यांवरचा केसाहून बारीक कीस काढून शेवटचा हात फिरवायचं काम अजून माणसाकडे होतं, आणि तो माणूस म्हणजे आपण, असं अण्णांचं ठाम मत होतं. त्रिशला अडतीस वर्षांची झाली होती, तिने इंजिनियरिंगची पदवी घेतली होती. तरी तिच्या हातात स्क्रू दिसला की अण्णा म्हणत, "दे इकडे." हे दोन शब्द तिने जितक्या वेळा ऐकले होते तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नव्हतं.

आता स्क्रू निवृत्त होतो म्हणजे काय होतो, हे सांगायला हवं.

मणका मोडला की डॉक्टर त्याच्या वरच्या मणक्यात दोन आणि खालच्या मणक्यात दोन असे चार स्क्रू बसवतात, आणि त्यांना दोन सळ्यांनी जोडतात. स्लॅब टाकताना खाली टेकू लावतात ना, तसंच. वरचं वजन सळ्यांतून खाली जातं आणि मोडका मणका मधे निवांत पडून सांधतो. पण स्लॅब धरला की गवंडी टेकू काढतो. पाठीतले टेकू पूर्वी तसेच राहत. त्यात हाडाचा स्वभाव असा, की जेवढं काम पडेल तेवढंच ते मजबूत राहतं. सगळं काम टेकूच करतोय म्हटल्यावर हाड आळसावे, विरत जाई. म्हणून शास्त्रज्ञांनी नवा स्क्रू काढला. त्याच्या मानेवर, म्हणजे डोकं आणि आटे यांच्या मधे, एक खरबरीत पट्टा असे. शरीरातलं पाणी त्या खरबरीतपणाला धरून तो पट्टा हळूहळू कुरतडी, मान मऊ पडे आणि स्क्रू रोज थोडं वजन हाडाच्या अंगावर टाकी. पहिल्या महिन्यात शंभरातलं नव्वद वजन स्क्रूवर, सहाव्या महिन्यात पन्नास, आणि वर्ष उलटलं की त्याची अवस्था निवृत्तीनंतरही ऑफिसात पेपर वाचायला येणाऱ्या हेडक्लार्कसारखी होई. हजर आहे, पण कुणी काम सांगत नाही. सरकारी कागदात याला 'स्वयंनिवृत्त स्क्रू' म्हणत. लोक 'रिटायर स्क्रू' म्हणत.

त्या दिवशी एका पोस्टमास्तरांच्या स्क्रूंचा निरोप होता. मास्तर आणि स्क्रू एकाच महिन्यात निवृत्त झाल्यामुळे एका शालीत दोन्ही समारंभ उरकले होते. अण्णा बोलायला उभे राहिले. ते असे ताठ उभे होते, की शेजारची समई वाकल्यासारखी दिसत होती.

"मास्तरांचे स्क्रू तेरा महिन्यांत निवृत्त झाले," अण्णा म्हणाले. "चांगलंच आहे. प्रत्येकाला विश्रांती पाहिजे. माझ्या पाठीतले चार मात्र चौदा महिने झाले तरी कामावर आहेत. एक दिवस रजा नाही. माझ्या हातचे आहेत, दुसरं काय!"

टाळ्या पडल्या. हे खरंच होतं. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना सगळ्यांत उंच यंत्राला झेंडूची माळ बांधायला अण्णा स्वतः शिडीवर चढले होते. त्रिशला "मी चढते" म्हणाली होती. पुढे काय म्हटलं गेलं असेल ते वाचकांनी ओळखलं असेलच. माळ बांधून झाली, अण्णा खाली आले, पण शिडीने आले नाहीत. कमरेचा पहिला मणका फुटला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्याही त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, "उन्हाळ्यातला डबा फोडा. एप्रिल ते जूनमधला. तो सगळा माल माझ्या एकट्याच्या हातचा आहे."

ज्यांना बजावलं होतं त्या डॉ. शमीम मुजावर तिसऱ्या रांगेत पेढा खात होत्या. अण्णांचं वाक्य ऐकून त्यांचा पेढा अर्ध्यावर थांबला. समारंभ संपल्यावर त्या गर्दीतून वाट काढत आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तपासणीला चार तारखा चुकवल्यात तुम्ही. उद्या सकाळी दवाखान्यात या. त्रिशलाला घेऊन या."

"कशाला? दुखत तर काही नाही."

"म्हणूनच या."

* * *

डॉ. शमीम यांचे वडील स्कूटरचं गॅरेज चालवत. त्यामुळे त्यांना अण्णांची भाषा येई, आणि अण्णांना त्यांच्याबद्दल आदर होता. बाईंनी घरातल्या धंद्याची लाईन सोडली नाही, फक्त गाडी बदलली, असं ते म्हणत.

स्क्रू आपल्यावर किती वजन आहे ते स्वतःच कळवत. डॉक्टरांनी अण्णांच्या पाठीजवळ ते ऐकणारी वाटीसारखी एक वस्तू धरली आणि पडद्याकडे बघितलं.

"शंभरातलं किती वजन स्क्रू उचलतायत, सांगा बघू."

"शंभर?"

"चौऱ्याण्णव."

"सहा कुठं गेले?" अण्णांनी काळजीने विचारलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडदा अण्णांकडे वळवला. वरचा मणका पांढरा होता, खालचा पांढरा होता, आणि मधे माघातल्या सकाळी पंचगंगेवर असतं तसं काहीतरी होतं.

"हे धुकं कसलं?"

"तो तुमचा मणका."

अण्णा पडद्याच्या जवळ गेले. चष्मा पुसला. धुकं गेलं नाही.

"अण्णा, हाड म्हणजे लोखंड नव्हे," डॉक्टर म्हणाल्या. "ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधतं. किती बांधायचं, हे अंगावर किती वजन पडतंय ते बघून ठरवतं. वजनच पडलं नाही तर त्याला वाटतं, आपली गरज संपली. मग मोडायचं चालू राहतं आणि बांधायचं बंद होतं. अंतराळात राहून आलेल्या माणसांचं असंच होतं, तिथं वजनच नसतं. तुमचा हा एक मणका कोल्हापुरात राहून अंतराळात जाऊन आलाय."

"मग चांगलंच की. आमच्यात आजवर कुणी बेळगावच्या पुढं गेलं नव्हतं."

"अण्णा," त्रिशला म्हणाली.

"तुम्ही एकटे नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "सगळ्या दवाखान्यांतले आकडे काल रात्री जुळवले. असे दोनशे बारा लोक आहेत, तुम्ही धरून. सगळ्यांचे डबे तुमच्या कारखान्याचे, आणि सगळे एकाच उन्हाळ्यातले. एप्रिल ते जून."

"त्या तीन महिन्यांतला एक डबा माघारी आला नाही," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"येईल कसा? पाठीत आहेत."

डॉक्टरांनी त्या उन्हाळ्यातला एक न वापरलेला स्क्रू भिंगाखाली ठेवला, आणि शेजारी दुसऱ्या वर्षाचा. दुसऱ्याची मान मळकट, खरबरीत होती. उन्हाळ्यातल्याची मान नवऱ्या मुलाच्या बुटासारखी चकाकत होती.

"हा पट्टा कुणी घासला?"

"घासला नाही. पॉलिश केला." अण्णांचा आवाज चढला. "बाई, तुम्ही गॅरेजवाल्याची लेक. तुम्हीच सांगा. सगळा स्क्रू आरशासारखा, आणि मानेवर खरूज? तसलं ड्रॉइंग काढणाऱ्याने उभ्या जन्मात कानस धरली नसेल. मी पहिल्या दिवसापासून पॉलिश करतोय, ही अकरा वर्षं. ओबडधोबड माल चौगुल्यांच्या दारातून बाहेर जात नसतो."

"ती खरूज नाही अण्णा. ती त्या स्क्रूची निवृत्तीची ऑर्डर आहे. पाण्याला धरायला तेवढीच जागा आहे. तुम्ही ऑर्डर पुसून टाकली, मग तो कशाला घरी जातोय?"

अण्णांनी तो स्क्रू परत एकदा भिंगाखाली बघितला. पण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी तशीच होती. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "अकरा वर्षं. मग बाकीच्या वर्षांचे हजारो स्क्रू वेळेवर निवृत्त झाले, ते कसे?"

त्रिशला खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

"त्रिशला, त्या उन्हाळ्यात तू कुठं होतीस?"

"पुण्याला. तीन महिन्यांचं ट्रेनिंग होतं."

"आणि एरवी?"

"अण्णा चार वाजता चहाला जातात," त्रिशला टाकीकडे बघतच म्हणाली. "कोपऱ्यावर. गप्पा धरून अर्धा तास होतो. तेवढ्या वेळात मी पट्टा परत खरबरीत करत होते. ड्रॉइंगवर आहे तेवढाच."

"अकरा वर्षं?" अण्णांनी विचारलं.

"रविवार सोडून."

"आणि मला सांगायचं नाही?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दे इकडे."

अकरा वर्षं ज्याच्या सेवेबद्दल आपण सभागृहांत चार शब्द बोलत होतो, तो स्क्रू आपला नव्हताच, हे कळायला माणसाला थोडा वेळ लागतो. अण्णांना डॉक्टरांच्या टेबलावरचं पेपरवेट तीनदा फिरवण्याइतका लागला. मग ते म्हणाले, "आता पुढं काय?"

पुढचं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. स्क्रू एकदम काढले तर सगळं वजन धुक्यावर पडेल. चालत आलेला माणूस झोपून जाईल. तसेच ठेवले तर दहा वर्षं काही होणार नाही, कदाचित बारा. "मग धातू थकेल अण्णा. तो दिवसात हजार वेळा वाकतो आणि हजार वेळा सरळ होतो. एक दिवस तुटेल. आणि तुटेल तेव्हा त्याच्यामागं उभं राहायला कुणी उरलेलं नसेल."

"दहा वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा," अण्णा म्हणाले.

"हो."

"तोवर असाच ताठ?"

"अगदी असाच."

"आणि तिसरं काही?"

तिसरं होतं. सळी धरून ठेवणाऱ्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यात एक छोटा नट असे. अडीअडचणीला तो न कापता बाहेरून फिरवता यावा, म्हणून चुंबकाची किल्ली होती. कातडीवर धरायची आणि वळवायची, की आतला नट वळे. पंधरवड्याला पाव आटा ढिला केला, की सळी केसभर सैल होणार, तेवढंच वजन हाडावर उतरणार, आणि हाडाला परत कामाची आठवण होणार. वर्षभर हे करायचं. मात्र दुखणार. आणि सुरुवात तीन महिन्यांच्या आत व्हायला हवी, कारण त्यानंतर बांधायला हाडच शिल्लक नसेल.

"मग लावा की किल्ली."

"किल्ली मशीन फिरवतं. आटा कुठं जड झाला ते बघून थांबतं. तुमचे नट इतके गुळगुळीत आहेत, की मशीनला काही कळतच नाही. नमुन्याच्या मणक्यावर तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा नट पूर्ण सुटला." डॉक्टरांनी चपट्या डबीसारखी किल्ली टेबलावर ठेवली. "हाताने करावं लागेल. तुमच्या आट्याची ज्याला जाण आहे, त्याच्या हाताने. मी समोर उभी राहीन, पण माझ्या हाताला ते कळणार नाही."

अण्णांनी सवयीने हात पुढे केला. किल्ली घेतली, पाठीमागे नेली. उजव्या बाजूने नेली, मग डाव्या बाजूने, मग वरून कॉलरमधून. आपल्या हाताला आपल्या पाठीवर काम करता येत नाही, हा काही अडुसष्टाव्या वर्षी लागणारा शोध नव्हे. पण मधल्या काळात ती गोष्ट त्यांच्या लक्षातून गेली होती.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी निघून गेले.

* * *

तीन दिवस अण्णा त्रिशलाशी बोलले नाहीत. ते गावातून फिरले. फिरताना त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं, की लोक आपल्याला वाट देतात. रंकाळ्यावर व्यायामाला येणारे लोक पोरांना सांगत, "बघ, अडुसष्ट वर्षं, आणि पाठ बघ." फोटोला उभं राहताना अण्णांना कुणी "सरळ उभे राहा" म्हणत नसे. दुखत नव्हतं. ओझं उचललं तरी पाठीत काही कळत नव्हतं. दहा वर्षं हे असंच. त्यानंतर जे व्हायचं ते होवो, अठ्ठ्याहत्तरीत कुणाचं काय शिल्लक असतं? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा निर्णय जवळजवळ झाला होता.

तो बिघडवला एका डब्याने. कारखान्याच्या फळीवर उन्हाळ्यातला एक डबा उरला होता. अण्णांनी तो उघडला. चाळीस स्क्रू, एकापेक्षा एक. इतकं सुंदर काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग पेन्सिल घेऊन झाकणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'चूक माल.' पंचेचाळीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या डब्यांवर खूप वेळा लिहिले होते.

चौथ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात आले तेव्हा त्रिशला यंत्र पुसत होती.

"चल," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"दवाखान्यात. चौगुल्यांच्यात चुकलेला माल माघारी घेतात. बाहेर दोनशे अकरा आहेत. त्यांच्या पाठीवर हात बसवणार होय तू? पहिला डबा माझा."

"अण्णा, माझा हात चुकला तर? पाव आट्याच्या जागी अर्धा झाला तर?"

"अकरा वर्षं माझ्या मागं माझं काम निस्तरलंस. तेव्हा चुकलीस काय?"

"तेव्हा तुम्ही समोर नव्हता."

"आत्ताही नाही. माझं तोंड पलीकडं असतंय."

त्रिशलाने आधी नमुन्याच्या मणक्यावर चाळीस वेळा केलं. पहिल्या सहा वेळा नट सुटला. सातव्या वेळी तिने डोळे मिटले. पाव आट्याच्या जागी नट अडत नव्हता, पण किंचित जड होत होता, झोपलेला माणूस कूस बदलताना व्हावा इतकाच. मशीनला ते कळत नव्हतं. तिला कळत होतं. त्यानंतर चौतीस वेळा एकदाही नट सुटला नाही. डॉक्टर आकडे लिहीत होत्या. अण्णा कोपऱ्यात बसून बघत होते, आणि विसाव्या वेळेनंतर त्यांनी हात मांडीखाली दाबून ठेवले, नाहीतर ते आपोआप पुढे जात होते.

मग अण्णा पालथे झोपले. त्रिशलाने किल्ली त्यांच्या कमरेवर ठेवली. खोलीत पंख्याचा आवाज होता. तिने वळवलं. डावीकडचे दोन, उजवीकडचे दोन. डॉक्टरांनी वाटी धरली.

"ब्याण्णव," त्या म्हणाल्या. "अण्णा, आता उठून उभे राहा. हळू."

अण्णा उभे राहिले आणि जागच्या जागी थांबले. चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?" त्रिशलाने त्यांचा दंड धरला.

"पाठीवर कुणीतरी बसलंय."

"तुम्हीच," डॉक्टर म्हणाल्या.

* * *

दर पंधरवड्याला अण्णा स्वतःच्या पाठीवर थोडे थोडे बसत गेले. दुखत होतं. पहिले दोन महिने रोज दुखलं, आणि अण्णा प्रत्येकाला ते मोठ्या तपशिलाने सांगत. आकडा उतरत होता, अठ्ठ्याऐंशी, ऐंशी, एकाहत्तर. पडद्यावरच्या धुक्याचं आधी ताक झालं, मग कडेकडेने दही लागायला लागलं. हाडाला काम आठवलं होतं. आणि वजन स्वतः उचलायचं म्हटल्यावर अण्णा दोन बोटं वाकले, जसा त्यांच्या वयाचा कुणीही वाकतो.

मधल्या काळात त्यांनी बाकीच्या दोनशे अकरा जणांना स्वतः पत्र लिहिलं. त्रिशला म्हणाली होती, वकिलाला दाखवू. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मजकूर मी देते. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही. पत्र चार ओळींचं होतं. 'आपल्या पाठीतले स्क्रू माझ्या हातचे आहेत. चूक माझी आहे. ते फार चांगले झाले आहेत, त्यामुळे निवृत्त होणार नाहीत. कृपया येऊन ढिले करून घ्यावेत.'

नऊ जण आले.

बाकीच्यांनी पत्र फ्रेम करून लावलं. एका संगीत शिक्षिकेने कळवलं, 'इतकी वर्षं तानपुरा घेऊन बसताना पाठीत कळ यायची. आता पाठ आहे हेच विसरले. आपले आभार.' एका माजी सभापतींनी कळवलं, की ताठ उभा दिसणारा माणूस लोकांना प्रामाणिक वाटतो, आणि निवडणूक फाल्गुनात आहे. डॉ. शमीम एकेकाच्या घरी गेल्या. सोबत पडद्यावरची चित्रं नेली, धुकं दाखवलं.

"इथं तुमचं हाड नाही," त्या सांगत.

"असू दे की," लोक म्हणत. "स्क्रू आहेत ना?"

दहा वर्षांनी धातू थकेल, असं सांगितल्यावर लोक म्हणत, तोवर नवे निघतील. आणि निघालेही. शेजारच्या जिल्ह्यात एका नव्या कारखान्याने चकचकीत मानेचे स्क्रू काढले आणि डब्यावर छापलं, 'कधीच निवृत्त न होणारे.' आता त्यासाठी मणका मोडावा लागत नव्हता. खुर्चीत बसून पोक आलेले, नवरदेव, पोलीस भरतीचे उमेदवार, सूत्रसंचालक, सगळे धडधाकट पाठीत चार-चार स्क्रू बसवून घ्यायला लागले. डॉक्टरांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. संपादकांनी तो छापला, आणि त्याच्या शेजारी त्या कारखान्याची जाहिरात.

अण्णांच्या कारखान्यातून मात्र खरबरीत मानेचेच स्क्रू बाहेर पडत. शेवटचा हात आता त्रिशला फिरवत असे. अण्णा शेजारी बसून डबे भरत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने मान दाखवून म्हणत, "बघा कसा खरबरीत काढलाय. असला ओबडधोबड माल काढायला हात लागतो!"

पुढच्या चैत्रात एका सकाळी दारात मोठी गाडी थांबली. तीतून सर्जेराव खोत उतरले. हे त्या दोनशे अकरांतले एक. ते उतरले म्हणजे आधी दोन्ही पाय बाहेर आले, मग कपाट उभं करावं तसे ते एकसंध उभे झाले. छान दिसत होते. अण्णा कौतुकाने बघत राहिले. कितीही झालं तरी ते चार स्क्रू त्यांच्या हातचे होते.

"अण्णा, ओळखलं काय?"

"तर! पाठीवरूनच ओळखलं. ढिले करून घ्यायला आलाय?"

"छे हो!" सर्जेराव हसले. "मुलाचं लग्न ठरवतोय. पाठ ठणठणीत आहे, पण उभा राहिला की जरा बावळट दिसतोय. त्याला चार बसवायचे म्हणतो. पलीकडचे तयार मिळतात, पण म्हटलं, मूळ तुमचे आहेत. तुमच्या हातचा एखादा जुना डबा असेल तर..."

"एक आहे," अण्णा म्हणाले.

सर्जेरावांचे डोळे चमकले.

"देणार नाही."

"असं काय अण्णा?"

"त्याच्यावर लिहिलंय ते वाचता येतंय मला."

सर्जेरावांना काही कळलं नाही. त्यांनी अण्णांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. वाकलेले खांदे, कमरेवर ठेवलेला हात. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ आली.

"तुमच्या स्वतःच्या पाठीत साधे बसवले होय? कारखाना तुमचा, आणि तुम्हालाच चांगले मिळाले नाहीत?"

"मिळाले होते. लेकीनं सोडवले." अण्णांनी आत बोट दाखवलं. "ती तिथं बसलीय ती. आख्ख्या महाराष्ट्रात हे काम एवढ्या दोन हातांना येतंय. आता शंभरातले एकोणसत्तर माझे मी उचलतो."

एकोणसत्तर कशाचे, हे सर्जेरावांनी विचारलं नाही. विचार बदलला तर फोन करा, म्हणून त्यांनी खिशातून कार्ड काढलं. देता देता ते निसटलं आणि उंबऱ्याच्या आत पडलं.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं. सर्जेरावांनी एक पाय जरा पुढे सरकवला, गुडघ्यात थोडे मोडले, परत सरळ झाले. त्यांनी आजूबाजूला कुणी आहे का बघितलं. ड्रायव्हर गाडीत होता. तोही अगदी ताठ बसला होता.

मग अण्णा वाकले. त्याला वेळ लागला. आधी भिंतीला हात, मग एक हुंकार, मग एकेक मणका जणू विचारून विचारून खाली गेला. त्यांनी कार्ड उचललं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि तसेच एकेक मणका मोजत वर आले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी कार्ड सर्जेरावांच्या हातात दिलं, आणि रस्त्यापलीकडून कुणी बघितलं का, म्हणून मोठ्या अपेक्षेने तिकडे नजर टाकली.

"जपा हो अण्णा," सर्जेराव कळवळून म्हणाले. "या वयात असं वाकणं बरं नव्हे."

ते गाडीत सरकले. गाडी शेजारच्या जिल्ह्याच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यावर सकाळपासून वर्दळ होती, आणि प्रत्येक गाडीच्या काचेतून डोकी दिसत होती, सगळी एका उंचीवर, सगळी सरळ.